सात जिवंत मासोया

गिरजाचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. काचेच्या टाकीच्या तळाची खडी ती बोटांनी उकरत होती, तेव्हा मागून कोणीतरी घसा खाकरला. एकदा, मग थांबून दोनदा. तिचा हात पाण्यातच थिजला. माणसाचा चेहरा बदलतो, चाल बदलते, केस जातात, खाकरणं मात्र मरेपर्यंत तेच राहतं. असं एकदा आणि मग दोनदा खाकरणारा माणूस तिनं जन्मात एकच ऐकला होता, आणि त्या खाकरण्यानंतर जे वाक्य यायचं त्यावर अख्खं गाव मान हलवायचं. ती वाक्याची वाट बघत राहिली, अकरा वर्षांची असताना बघायची तशी, श्वास धरून. नळीतून घाण पाणी बादलीत पडत राहिलं, रंगीत शेपट्यांचे मासे तिच्या मनगटाला तोंड लावून गेले, आणि वाक्य काही आलं नाही. तिनं वळून पाहिलं. चाकाच्या खुर्चीत गावचा पाटील गुणवंतराव बसला होता. तोंड उजवीकडे ओघळलेलं, उजवा हात मांडीवर कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला, आणि डोळे ठणठणीत. डोळ्यांना काही झालं नव्हतं. "आमचे आबाजी," रंजीता, घरची सून, वाटी घेऊन आत येत म्हणाली. "दिवाळीत लकवा मारला. बोलता नाई येत, पण समजते सगळं. दिवसभर काय करतील बिचारे, म्हणून यांनी मासे आणले. पाहत राहतात." तिनं वाटीतली घट्ट पेज चमच्याच्या टोकावर घेतली. "पातळ काहीच चालत नाई. पाण्याचा घोट गेला तरी श्वास कोंडते. डॉक्टरनं सांगून ठेवलं, एक चूक झाली तं संपलं." तिनं हे तितक्याच सहज सांगितलं, जितक्या सहज घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली ठेवतो ते सांगावं.

गिरजा तीन मजले उतरून खाली आली, बादली गाडीच्या चाकाशी ठेवली आणि तुकूम वस्तीतल्या त्या रस्त्यावर, भर दुपारी, उभीच राहिली. चंद्रपुरात सुनिलच्या दुकानात ती चार वर्षांपासून कामाला होती. लोकांच्या घरी जाऊन मासोयांच्या टाक्या धुवायच्या, शेवाळ खरवडायचं, मेलेले काढायचे, नवे सोडायचे. मासेमार ढिवराची पोरगी, जिचा बाप तलावात उतरला की लोक म्हणायचे पाणी त्याला वाट देतं, ती लोकांच्या दिवाणखान्यातली काच पुसत होती. तिला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. पोट कोणत्या पाण्यावर भरावं हे पोट सांगत नाही. पण आज जे अंगात चढत होतं तो संताप आहे हे कळायला तिला वेळ लागला. इतक्या वर्षांत तिनं ह्या माणसाला मनात कितीदा गाठलं होतं! कधी मूल गावच्या बाजारात, कधी नागभीडच्या फलाटावर, कधी त्याच्याच ओसरीवर. दर वेळी ती त्याची गचांडी धरायची आणि म्हणायची, सांग. लोकांसमोर सांग. आणि आता तो सापडला होता, तर सांगायचं तोंडच कोणीतरी तिच्याआधी येऊन काढून नेलं होतं. देवानं नेलं असं लोक म्हणतील. देव असेल तर चोर आहे. तिच्या वाट्याचं होतं ते.

गावचा तलाव मूलच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या वर. त्याच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून गुणवंतरावचं वावर. त्या वर्षी गावात तापाची साथ होती, दोन पोरं थंडी वाजून गेली, म्हणून आरोग्याच्या माणसानं उपकेंद्रामागच्या सिमेंटच्या टाक्यात गप्पी मासे आणून वाढवले. बोटाच्या पेराएवढे, राखाडी, दिसायला काहीच नाही. डासांच्या अळ्या खातात म्हणाला. कोणी हात लावेना. मनसाराम, गिरजाचा बाप, पुढे झाला. ह्या मासोया अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात, हे पाहून तो पोरासारखा हसला होता. "पाय गिरजा, बाईमाणसावानी बाळंत होते!" मडक्यात घालून त्यानंच त्या डबक्यांत, विहिरींत आणि शेवटी तलावाच्या उथळ कडेला सोडल्या. ताप खरंच कमी झाला. मग धानावर तुडतुडा आला, फवारणी सुरू झाली, आणि भाद्रपदातल्या एका सकाळी तलावभर मासोया पोट वर करून तरंगल्या. रोहू, कतला, मरळ, सगळ्या. जिवंत राहिल्या त्या फक्त कालव्याच्या तोंडाशी, जिथे ताजं पाणी येत होतं तिथल्या, आणि तिथे होत्या नेमक्या गप्पी. झालं. आपल्या मासोया मेल्या, सरकारी जगल्या, मनसारामच्या गप्पींनीच तलाव नासवला, याला आणखी पुरावा कोणाला हवा होता? गुणवंतराव सभेत एकदा आणि मग दोनदा खाकरला. "इतक्या चांगल्या हायेत तं खाऊन दाखव ना गा मनसाराम." समोर ठेवलेल्या लोट्यात सात मासोया होत्या. दोनशे माणसं बसली होती. मनसारामनं लोटा पाहिला, लोक पाहिले, आणि एकेक करून सात जिवंत मासोया गिळल्या. प्रत्येक वेळी तोंड उघडायचा, बोटांत धरलेली राखाडी शेपटी वळवळायची, आणि गळ्यातली गाठ वर जाऊन खाली यायची. सातवीनंतर त्यानं मिशी पुसली आणि उभा राहिला, बघा, मी मेलो नाही, असा. गुणवंतराव पुन्हा खाकरला. "मानसाले नाई लागत तिचं इख. मासोईलेच लागते." लोक हसले. बाप त्या हसण्यात उभा होता, मिशीला एक खवला चिकटलेला. गिरजाला पुढे आयुष्यभर बाप आठवला की तो खवला आधी आठवायचा.

आणि तिला माहीत होतं. ही गोष्ट ती खोलीत एकटी असतानाही मनात नीट उभी राहू देत नसे. मासोया मरायच्या आदल्या संध्याकाळी ती पाळीवर बकरी शोधत होती. फवारणीच्या औषधाचा मोठा निळा ड्रम गुणवंतरावनं आणि त्याच्या गड्यानं पाळीवरून तलावात आडवा केला होता. उरलेलं होतं, की बिघडलेलं होतं, कोण जाणे. पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं. मग ते ड्रम खळखळून धुऊ लागले. गुणवंतरावनं तिला पाहिलं. ओरडला नाही. जवळ आला, खिशातून मूठभर फुटाणे काढून तिच्या ओंजळीत घातले आणि म्हणाला, "घरी जा बाई, अंधार पडून राह्यला." तिनं ते फुटाणे खाल्ले. वाटेत, चालता चालता, एकेक करून. चव चांगली होती. दुसऱ्या दिवशी सभेत ती बायकांच्या मागे उभी होती आणि तिच्या दातांत अजून फुटाण्याचं साल अडकलेलं होतं, आणि बाप गिळत होता, आणि ती बोलली नाही. दोन वर्षांनी बोलली तेव्हा मुखरू, ढिवर मोहल्ल्याचा म्होरक्या, म्हणाला, "घरची पोट्टी घरचंच बोलन. त्यानं सोता येऊन दहा लोकाईत सांगतलं, तं मांडतो तुह्या बापाचा वाटा."

वाटा. पैशाची गोष्ट नव्हती ती, किलोभर मासोयांचीही नव्हती. चैतात पाणी उतरलं की सगळा मोहल्ला मोठं जाळं ओढतो, आणि निघालेल्या मासोयांचे घराघराचे वाटे जमिनीवर पळसाच्या पानांवर मांडतात. मग एका पोराला वाट्यांकडे पाठ करून उभं करतात. म्होरक्या एका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पोरानं न बघता एक नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. तक्रार नाही, लहानमोठं नाही. तीन वर्षं ते नाव घ्यायचं काम गिरजाचं होतं, तिचा आवाज खणखणीत म्हणून. त्या भाद्रपदानंतरच्या चैतातही तिलाच उभं केलं. बापाला जाळ्याला हात लावू दिला नव्हता, तो दूर चिंचेखाली बसला होता. "हा कोनाचा?" वासुदेवचा. "हा कोनाचा?" मुखरूकाकाचा. आणि मग सवयीनं, जीभ पुढे गेली म्हणून, "मनसारामचा." मागे सगळं गप्प झालं. काठी वाजली नाही. तिनं वळून पाहिलं, जे पाहायचं नसतं. वाटे घरांपेक्षा एकानं कमी होते. बाप चिंचेखालून उठून घराकडे चालला होता. तेव्हापासून पंचवीस चैत गेले. मनसाराम आता सत्तरीच्या पलीकडे आहे, गुडघे गेलेत, आणि दर चैतात जाळं ओढायच्या दिवशी तो घरात भिंतीकडे तोंड करून झोपतो.

पुढच्या आठवड्यात गिरजा गावी जाऊन आली. परत येताना पाण्याच्या बाटलीत एक मासोई होती. कालव्याच्या तोंडाशी अजूनही झुंडीनं आहेत त्या. कोणी मारल्या नाहीत, कोणी पाळल्या नाहीत, राहिल्या. राखाडी, पोट फुगलेलं, शेपटीच्या मुळाशी काळा डाग. तिनं ती मुद्दाम निवडली होती. तुकूमच्या त्या टाकीतले मासेही गप्पीच, पण सगळे नरच होते, निळे, लाल, पिवळे, झालरीसारख्या शेपट्यांचे. गिऱ्हाईक रंगाचे पैसे देतं, मादी दिसायला काहीच नाही, म्हणून सुनिल मादी विकतच नसे. दुकानात चार वर्षं काढून गिरजाला एक गोष्ट कळली होती, जी तिच्या बापाला पाण्यात जन्म काढूनही कळली नव्हती. ह्या मासोईला नर पुन्हा लागत नाही. एकदा घेतलेलं बी ती पोटात महिनोन्‌महिने ठेवते आणि वेळ येईल तसतशी पिल्लं देत जाते. एकटीच सोडा रिकाम्या पाण्यात, पाणी भरून टाकते. "ही कोणती व?" रंजीतानं विचारलं. "मादी हाय. पिल्लं देईन." "अय्या! घरात बाळंतपण!" रंजीता खूश झाली. गिरजानं बाटली टाकीत कलती केली आणि खुर्चीकडे पाहिलं. गुणवंतराव त्या राखाडी मासोईकडे बघत होता. रंगीत माशांकडे बघताना त्याचे डोळे रिकामे होते. आता नव्हते.

मग दर शुक्रवार तिचा झाला. रंजीता स्वयंपाकघरात, तिचा नवरा धनराज साइटवर, नात दिव्यानी कॉलेजात, आणि इकडे नळीचा आवाज. गिरजा पाण्यात हात घालून, काचेकडे तोंड ठेवून, हळू आवाजात बोलायची. पहिल्या शुक्रवारी तिनं फक्त सांगितलं, "मी मनसाराम ढिवराची गिरजा." दुसऱ्या शुक्रवारी, "ही तुमच्याच गावच्या तलावातली हाय पाटील. कालव्याच्या तोंडची." तिसऱ्या शुक्रवारी ड्रमचा रंग. मग फुटाणे. मग एकेक मासोई, पहिली, दुसरी, तिसरी. एका शुक्रवारी एकच, जास्त नाही. काचेत तिला त्याचं तोंड दिसायचं, वाकडं, लाळ ओघळलेलं. तो खाकरायचा, एकदा, मग दोनदा, आणि पुढे काही नाही. त्या 'काही नाही'ची तिला चटक लागली. पंचवीस वर्षं हा बोलला आणि बाप गप्प राहिला. आता ती बोलते आणि हा ऐकतो, आणि टाळता येत नाही, उठून जाता येत नाही, खुर्चीचं चाक स्वतःचं स्वतःला ढकलता येत नाही. घरी गेल्यावर तिला शांत झोप लागायची. ह्या झोपेची लाज वाटावी असं तिला अधूनमधून वाटायचं. पण वाटायला हवं आणि वाटणं ह्यात अंतर असतं, ते तिनं कापलं नाही.

टाकीत पिल्लं झाली. पापणीच्या केसाएवढी, नुसते डोळे. पहिल्या खेपेची निम्मी त्या मादीनंच गिळली. गिरजानं ते पाहिलं आणि गवताचे दोन झुबके टाकीत लावले, लपायला. उरलेली वाढली. बाजारातला रंगीत मासा नाजूक. पाणी जरा इकडचं तिकडं झालं की शेपटी कुजते, कोपऱ्यात जातो, मरतो. मेलेला निळा ती काढायची, नवा टाकायची नाही. माघ उलटेपर्यंत टाकीत दोन रंगीत उरले होते आणि राखाडी चाळीसेक. "कलर काऊन उडून राह्यला टाकीचा?" रंजीता म्हणाली. "पाण्याचा गुण हाय ताई," गिरजा म्हणाली. फाल्गुनात एकही रंगीत नव्हता. अख्खी काच गावच्या तलावासारखी झाली होती, तोच मळका चांदीचा रंग, तीच झुंडीनं एकदम वळायची रीत. घरातल्या कोणाला त्यात काही दिसलं नाही. ज्याला दिसायचं त्याची खुर्ची दिवसभर त्या काचेसमोरच होती.

चैत लागला. त्या शुक्रवारी सातव्या मासोईची पाळी होती. रंजीता पलीकडे फोनवर बहिणीशी बोलत होती, हसत होती. गिरजानं सांगितलं, "आन मग सातवी." आणि काचेत पाहिलं, तर त्याचं तोंड उघडं होतं. नेहमीसारखं लोंबलेलं नाही. उघडलेलं. ती वळली. गुणवंतरावनं डावा हात, जो अजून त्याचा होता, उचलून टाकीकडे केला, मग स्वतःच्या तोंडाकडे. पुन्हा टाकीकडे. पुन्हा तोंडाकडे. जीभ बाहेर आली होती, पांढरी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते लकव्याचं आहे की त्याचं, कळायला मार्ग नव्हता. दे, म्हणत होता तो. घाल.

गिरजाचा हात आपणहून पाण्यात गेला. ढिवराच्या हाताला मासोई धरायला डोळे लागत नाहीत. हात बाहेर आला तेव्हा अंगठा आणि बोटामध्ये एक राखाडी शेपटी वळवळत होती. पाण्याचा घोट गेला तरी श्वास कोंडते. एक चूक झाली तं संपलं. कोणी विचारलं तर म्हातारा टाकीकडे झुकला, म्हणता येईल. पलीकडे रंजीता हसत होती. गिरजानं हात त्याच्या तोंडापाशी नेला. त्याच्या श्वासाला आंबलेल्या पेजेचा वास होता. त्यानं डोळे मिटले. आणि डोळे मिटताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं पाहिलं. सुख आलं होतं. देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडावर असतं तसलं, झालं एकदाचं, असलं. तिच्या अंगातून सणक गेली. हा इथे, पंख्याखाली, पडदे लावलेल्या खोलीत, कोणी बघत नसताना, एक मासोई गिळून मोकळा होणार होता. बापानं सात गिळल्या होत्या. दोनशे लोकांत. "नाई," ती म्हणाली. "इतक्यात नाई सुटत तू." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला तू म्हणाली. तिनं मासोई टाकीत सोडून दिली, ती झुंडीत गेली आणि कोणती होती ते कळेनासं झालं.

"मावशी, काय देत होत्या तुम्ही आबाजीले?"

दारात दिव्यानी होती. खांद्यावर पिशवी, पायात अजून चपला. केव्हापासून उभी होती कोण जाणे. रंजीताही फोन हातात धरून मागून आली. गिरजा खोटं बोलू शकली असती. जीभ तयार होती. पण अकराव्या वर्षी दातांत जे साल अडकलं होतं ते आज निघालं, आणि ती बोलली, सगळं, न थांबता, हातातून पाणी फरशीवर गळत असताना. ड्रम, पांढरं पाणी, फुटाणे, लोटा, सात, चिंच. "इचारा त्याईले. समजते ना सगळं? इचारा!" रंजीता किंचाळली, "बाई, तुमचं डोकं फिरलं काय? निघा आधी!" दिव्यानी आजोबांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. "आबाजी, तुम्ही ओतलं होतं तलावात?"

गुणवंतरावनं नातीकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं. लोंबणारा उजवा ओठ त्यानं डाव्या हातानं धरून वर दाबला आणि तोंड घट्ट मिटून धरलं. एकदाही खाकरला नाही.

हेच. हेच होतं ते तोंड. गिरजाला हसू आलं. नळी गुंडाळली, बादली उचलली. रंजीता सुनिलला फोन लावत होती, म्हणजे कामही गेलं. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण रडत नाही आहोत. खाली गाडीला बादली अडकवली तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. दिव्यानी धापा टाकत होती. तिच्या तोंडावर राग होता, पण कोणावरचा, ते तिचं तिलाही अजून ठरवता आलेलं नव्हतं.

"खोटं असलं तं पाहून घेईन तुम्हाले."

"घे पाहून."

"त्यांनी तोंड दाबून धरलं, मावशी. हातानं. मी बोट काढायला गेली तं काढू देईनात." ती थांबली. "नाई म्हणायचं असतं तं मान हलवते ते. मान हलवता येते त्याईले."

गिरजानं खाली पाहिलं. बादलीत गढूळ पाण्यात एक राखाडी मादी नळीतून ओढली जाऊन आली होती, शेपटीपाशी काळा डाग, पोट टम्म. वर चाळीस होत्या. त्या सगळ्या आज संध्याकाळी गटारात जातील, टाकी धुऊन पुन्हा रंगीत नर येतील. गवताच्या झुबक्यात एखादं पिल्लू राहील. एक पुरतं.

"ते वाटे केव्हा मांडतात तुमच्याकडे?" दिव्यानीनं विचारलं, जमिनीकडे बघत.

"येत्या बुधवारी. सकायी. पाळीवरच."

"सगळे असतात?"

"सगळा मोहल्ला राह्यते. गावही येते पाह्याले." गिरजानं किक मारली. मनात बाप भिंतीकडे तोंड करून झोपला होता. बुधवारी त्याला उठवून, खांद्याचा आधार देऊन, चिंचेखाली आणून बसवायचं तिनं ठरवूनही टाकलं. "गाडीनं आन त्याईले. खुर्ची पाळीवर चढवाले मानसं मी देतो. वाट्याईकडे तोंड करून ठेव." गाडीच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ती ओरडून म्हणाली, "तोंड मिटलेलं असलं तरी चालते. आन फक्त. दोनशे लोकाईत मिटून दाखवू दे."